शेवटच्या पानावरचा शेरा

धंदा करणाऱ्याने जे चुकूनही करू नये, ते शेरेकाकांनी आयुष्यभर इमानेइतबारे केलं. पुस्तकांचं दुकान काढलं आणि विकायचं प्रत्येक पुस्तक आधी स्वतः वाचलं. नुसतं वाचून थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण वाचून झालं की शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने आपला शेरा लिहून मगच ते पुस्तक फळीवर ठेवत. नाव पडलं ते त्यावरूनच. खरं नाव बायकोला ठाऊक होतं, पण ती त्यांना ‘अहो’ म्हणायची.

शेरे तरी कसले! व्यापारात यशस्वी होण्याची गुपितं सांगणाऱ्या जाडजूड ग्रंथावर: ‘लेखकाने कधी दुकान उघडलेलं नसावं.’ पाककृतींच्या पुस्तकावर: ‘पहिलाच पदार्थ घरी करून पाहिला. मुलीने ताट सरकवलं.’ संस्कृती बुडाली म्हणून गळा काढणाऱ्या निबंधांवर: ‘हे गृहस्थ आमच्याकडे तासभर फुकट वाचून गेले.’ आता असलं वाचून पुस्तक कोण घेणार? तरी लोक घेत. हा माणूस आपल्याला फसवणार नाही, एवढा भरवसा त्यांना होता.

पुढे भरवसा राहिला आणि गिऱ्हाईक गेलं. लोक येत, शेरा वाचत, मुखपृष्ठाचा फोटो काढत आणि तेच पुस्तक घरबसल्या मोबाईलवरून मागवत. काका त्यांना बसायला स्टूलही देत. शेवटी गाळ्याच्या मालकाने जागा रिकामी करायला सांगितली, तेव्हा काकांनी वादसुद्धा घातला नाही. वाद घालायला अंगात थोडा जीव उरलेला लागतो.

एक ठोक व्यापारी सगळी पुस्तकं न्यायला तयार झाला. बघायला आला, दोन-चार पुस्तकं मागून उघडली आणि त्याचा चेहरा पडला.

“काका, ही खरडाखरड चालायची नाही. मी नवा माल म्हणून विकतो. पानं साफ करून द्या, सगळी उचलतो. नाहीतर रद्दीवाला आहेच.”

रद्दीवाला नेणार म्हणजे पुस्तकांचा लगदा होणार आणि लगद्याचे पुठ्ठे. शेरे ठेवायचे तर पुस्तकं मरणार, पुस्तकं जगवायची तर शेरे पुसायचे. काकांनी परगावी असलेल्या मुलीला फोन केला.

“बाबा, फोटो काढून ठेवा ना शेऱ्यांचे.”

“काढतो. तू वाचशील?”

तिने विषय बदलला. खोटं बोलणं तिला जमत नसे, त्या बाबतीत ती बापावर गेली होती.

काका खोडरबरं घेऊन आले. मदतीला बायको आली. घर पहिल्यापासून तिच्या शिवणकामावर चाललं होतं, त्यामुळे दुकानात बसून वाचायची चैन तिला कधी परवडली नव्हती. काका शेऱ्याकडे न बघता भराभर खोडत होते. ती मात्र प्रत्येक शेरा मोठ्याने वाचून मग खोडत होती, मधूनच हसत होती. ती हसली की काका आणखी भराभर खोडत.

एका बारक्या कवितासंग्रहापाशी तिचं हसू थांबलं. तिने हळूहळू वाचलं, “‘हिचं ऑपरेशन चालू आहे. बाहेर बाकावर बसून हे वाचलं. एक ओळ डोक्यात शिरली नाही. यात कवीचा दोष नाही.’ हे माझं ऑपरेशन?”

“हो.”

“शुद्धीवर आले तेव्हा तुमच्या हातात पुस्तक होतं. मला वाटलं, मी मरत होते आणि हे आरामात वाचत बसले होते. इतकी वर्षं मनात धरून आहे मी.”

“लिहिलं होतं की.”

“गिऱ्हाइकांसाठी लिहिलं होतं. येणाऱ्याजाणाऱ्याने वाचलं, फक्त मी नाही.”

“हे एवढं राहू दे,” काका म्हणाले. “घरी नेऊ.”

“आता कशाला?” ती म्हणाली आणि खोडू लागली. इतक्या जोराने खोडलं की पान फाटलं.

व्यापारी टेम्पो घेऊन आला. त्याने पुस्तकं चाळली आणि खूश झाला. “वा, एकदम कोरी. कुणी हातसुद्धा लावलेला वाटत नाही. वाचायला वेळ मिळायचा नाही का काका?”

“नाही,” काका म्हणाले. “दुकान बघायचं का वाचत बसायचं?”

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा तिने त्यांना खोटं बोलताना ऐकलं होतं.

फाटलेला कवितासंग्रह तेवढा व्यापाऱ्याने परत केला. टेम्पो गेल्यावर रिकाम्या फळ्यांपुढे काका स्टुलावर बसले. सवयीने त्यांनी खिशातली पेन्सिल काढली आणि संग्रहाचं शेवटचं पान उघडलं.

“लिहू नका,” बायको म्हणाली. “मी समोर आहे. सांगा काय ते.”

काकांनी पेन्सिल खाली ठेवली. सांगायचं पुष्कळ होतं, पण सवय लिहायचीच होती. ती वाट बघत उभी राहिली. मग तिने केरसुणी घेतली आणि खोडरबराचा चुरा लोटायला लागली. काकांनी पाय वर घेतले.