कोरं मत

“आजी, मी स्वतःचं नाव लिहायला सांगितलं होतं.” चिहारूबाई वहीवर वाकल्या. “हे तर कामेजिरो झालं. आणि ‘जि’वरच्या दोन रेघोट्या राहिल्या की! त्याशिवाय तो ‘शि’च.”

त्सुनेयोने रेघोट्या दिल्या. गावच्या सभागृहातल्या प्रौढांच्या वर्गात ती हिरागाना, म्हणजे जपानीतली बाळबोध अक्षरं, गिरवत होती. चिनी चित्राक्षरांचा डोंगर पुढे होताच. पण मतपत्रिकेवर उमेदवाराचं नाव एवढ्या अक्षरांतही चालतं, असं बाईंनी सांगितलं आणि तेव्हापासून तिला घास गोड लागेना.

कामेजिरो तिच्या शेजारचा तोफूवाला. मागे नगरपरिषदेला उभा राहिला आणि एका मताने पडला. जपानमध्ये मत देताना उमेदवाराचं नाव हाताने लिहावं लागतं. येत नाही म्हटलं तर तिथला कारकून लिहून देतो. पण चारचौघांत ते म्हणायचं कोणी? त्सुनेयोने कोरा कागद पेटीत टाकला आणि बाहेर येऊन छातीठोकपणे थाप मारली, “भावजी, तुम्हालाच दिलं!” ती थाप इतकी वर्षं तिला आतून कुरतडत होती.

वर्ग सुटल्यावर ती तडक दुकानात गेली.

“भावजी, मी तुम्हाला मत दिलं नव्हतं. लिहिता कुठे येत होतं मला? कोरा कागद टाकला.”

कामेजिरो हसला. “त्यात काय एवढं, वहिनी! तुमच्या मताने बरोबरी झाली असती, चिठ्ठी टाकली असती. माझं नशीब बघता चिठ्ठीतही पडलो असतो.”

मग त्याचं हसू मावळलं.

“‘दिलं’ म्हणणाऱ्यांची मतं मोजली, तर एक कमी भरलं. मी शिगेला म्हणायचो, घरातलंच मत फुटलं. तिला माझी निवडणूक नकोच होती ना! ती बिचारी शपथेवर सांगायची, दिलं म्हणून. मी शेवटपर्यंत मानलं नाही.”

शिगे, त्याची बायको, गेल्या हिवाळ्यात वारली होती.

“मला हे ठाऊक नव्हतं हो,” त्सुनेयो रडू लागली. “तुम्ही कधी बोलला नाहीत.”

“तुम्ही तरी कुठे बोललात?”

तो आत गेला. शिगेच्या तसबिरीपुढे गुडघे टेकून बसला, गेलेल्या माणसाला हात जोडण्याआधी वाजवायच्या घंटेची काठी उचलली. पण घंटा वाजवायचा धीर त्याला होईना.

दुकानात गिऱ्हाईक आलं. हाक मारूनही तो उठला नाही, तेव्हा त्सुनेयोने डोळे पुसले, बाह्या वर सारल्या आणि हौदातल्या गार पाण्यातून तोफू काढून दिला.