दोन पातेली भात

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, गोराईच्या शेडमध्ये, सत्तावीस नंबरच्या कोंबडीच्या गळ्याखालच्या पिशवीतून भात निघाला. निघायला हवं होतं कंपनीचं खाद्य. शर्मिष्ठा गमरेने दुसरी कोंबडी कापली. भात. तिसरी कापली. भात आणि दोन मोहऱ्या.

अंधेरीतल्या एका कोंबडीखाद्य कंपनीत ती सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर होती. प्रयोग साधा होता. ब्रॉयलरच्या ऐंशी कोंबड्या, दोन कप्पे. एका कप्प्याला पोटभर खाद्य, दुसऱ्याला पाव हिस्सा कमी. पस्तिसाव्या दिवशी वजनं करायची, आतडी तपासायची. कमी खाऊन कोंबडी किती वाढते आणि तिचं आतडं किती निरोगी राहतं, ते त्यावरून कळणार होतं. आज पस्तिसावा दिवस. अहवालावर तिची सही झाली की सोमवारी नोकरी पक्की.

उत्तर मात्र आधीच तयार होतं. विभागप्रमुख डॉ. विद्याधर बर्डे यांनी अठ्ठाविसाव्या दिवसाच्या वजनांवरच स्लाइड करून टाकल्या होत्या: पाव हिस्सा खाद्य वाचवा, वजन जवळजवळ तेवढंच. दुपारी चारला जुहूच्या एका हॉटेलात त्या पोल्ट्रीवाल्यांना दाखवायच्या होत्या. पस्तीस दिवसांत बर्डे एकदाही शेडवर आले नव्हते. बोटीत मळमळतं, असं ते सांगत. बोट खाडी पार करायला पंधरा मिनिटं घेते.

शेड झाडण्याचं आणि पाणी भरण्याचं काम वनमालाकाकूंकडे होतं.

"काकू, ह्यांना भात कोणी घातला?"

"मी. पलीकडच्यांचं भांडं भरलेलं आणि ह्यांचं दुपारीच रिकामं. वरडून वरडून जीव खात होती गो. बाजूच्या रिसॉर्टात भात उरतो, तो आणायचे. दोन पातेली."

"रोज?"

"मग काय, एक दिवस घालायचा आणि एक दिवस उपाशी ठेवायचं? सासू आहे काय मी त्यांची?"

"दारावर लावलंय ना, बाहेरचं काही घालायचं नाही म्हणून."

काकूंनी दाराकडे पाहिलं. प्लॅस्टिकमध्ये घातलेला तो कागद इंग्रजीत होता.

"तो होय. मला वाटलं लाइटबिल."

"निदान मला विचारायचं."

"ग्रुपवर फोटो टाकलेला की. तूपण अंगठा दिलास."

शर्मिष्ठाने फोन काढला. काकू रोज झाडून झाल्यावर शेडचा फोटो टाकत. बर्ड्यांनी अंगठा दिला की पाठोपाठ सगळ्यांनी द्यायचा, ही ऑफिसची रीत. बाराव्या दिवसाच्या फोटोत, दुसऱ्या कप्प्याच्या मधोमध, पातेलं होतं. भोवती कोंबड्या. खाली बर्ड्यांचा अंगठा. त्याखाली तिचा.

तिने बर्ड्यांना फोन लावला.

"सर, दुसऱ्या कप्प्याने भात खाल्लाय. रोज दोन पातेली."

"पातेलं हे माप नाही, शर्मिष्ठा."

"म्हणूनच सांगतेय. त्यांनी एकूण किती खाल्लं, ते आता कोणालाच सांगता येणार नाही."

"वजनं तर खरी आहेत ना? आतडी बघ, चांगलीच निघतील."

"निघाली तरी कमी खाद्याने निघाली का भाताने, ते कसं ठरवणार?"

"भात तसाही पचायला हलका असतो," पशुपोषणात डॉक्टरेट केलेले बर्डे म्हणाले. "सही करून तीनपर्यंत पाठव. आणि काकूंना तो फोटो डिलीट करायला सांग."

फोटोबद्दल ती अजून एक शब्द बोलली नव्हती.

तीन वाजून दहा मिनिटांनी तिने अहवाल बर्ड्यांना आणि संचालकांना पाठवला. सहीची जागा कोरी होती. सोबत तीन कोंबड्यांमध्ये सापडलेल्या भाताची नोंद आणि बाराव्या दिवसाचा फोटो.

चारला स्लाइड ठरल्याप्रमाणे दाखवल्या गेल्या. शेवटच्या स्लाइडवर होतं: तपासणी, शर्मिष्ठा गमरे. वसईकडच्या एका पोल्ट्रीवाल्याने विचारलं, कमी खाद्यावर कोंबड्या ओरडत नाहीत का? बर्डे म्हणाले, सवय होते त्यांना. टाळ्या झाल्या. मग जेवण झालं, त्यात चिकन होतं.

संचालकांचं उत्तर आलेलं नाही. काकूंनी फोटो डिलीट केलेला नाही. साडेसहाला बर्ड्यांनी वनमालाकाकूंना ग्रुपमधून काढलं. शर्मिष्ठा अजून ग्रुपवर आहे.