पांढऱ्या लॉटचा दिवस

सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या डाईंगमध्ये सव्वीस वर्षं काढलेल्या माणसाला लाल रंगाचं काय कौतुक असणार? कापड रंगवायचा धंदा. मरून लॉट चालू असला की शिंकरलं तरी मरून, थुंकलं तरी मरून, घरी आंघोळीला बसलं तरी मोरीतून मरूनच वाहतं. कुठल्या खात्यात कुठला शेड चालू आहे ते घरच्या बायकांना धुण्यावरून कळतं. म्हणून जुलैत एके दिवशी लघवी लालसर झाली तेव्हा छगनने काय केलं? संडासातून बाहेर आला आणि शेजारच्या मशीनवरच्या योगेंद्रला विचारलं, "आज कुठला शेड रे?"

"मरून."

"मग ठीक."

झालं, विषय मिटला. आता हसू नका. त्या खात्यातल्या चाळीस माणसांपैकी कुणीही हेच विचारलं असतं आणि कुणीही हेच उत्तर दिलं असतं. दुखत नव्हतं, ताप नव्हता, दोन वेळची भाकरी जात होती. मध्ये आठ-आठ दिवस सगळं साफ असायचं, मग परत लाल. मरून नसला तर राणी, राणी नसला तर विटकरी. कुठला ना कुठला लाल असायचाच. पांढरा लॉट तेवढा महिन्यातून एखादा. त्याच्या आधी मशीन दोनदा धुवून घ्यावी लागते, कारण एक ठिपका पडला तरी अख्खा माल बाद.

दिवाळीला डाईंग बंद झाली आणि छगन बायकोला, रंजनाला घेऊन शिंदखेड्याजवळच्या गावी गेला. अकरा दिवस नखभरही रंग दिसला नाही, आणि अकराव्या दिवशी लघवी लाल. दुसरा कुणी असता तर जागा झाला असता. हा पठ्ठ्या खूश! म्हणाला, "सव्वीस वर्षांचा मुरलेला रंग आहे. गावचं पाणी लागलं, आता निघतोय."

रंजनाने कपाळावर हात मारला. "तुमनं डोकं फिरी गयं शे का?"

सुरतेला परतल्यावर एका सकाळी वालाच्या दाण्याएवढी गुठळी पडली, तेव्हा मात्र तिने काही ऐकून घेतलं नाही. मनगटाला धरून त्याला मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. सोनोग्राफी झाली, मग सीटी स्कॅन. चष्मेवाला तरुण डॉक्टर शांतपणे म्हणाला, "काका, डाबी किडनीमां गांठ छे. केन्सरनी लागे छे. बीजे फेलाई नथी. किडनी काढवी पडशे." येत्या गुरुवारची तारीखही दिली.

डाव्या किडनीत कॅन्सरची गाठ, अजून दुसरीकडे पसरलेली नाही, पण किडनी काढायची. छगनला सगळं गुजराती समजत होतं, तरी रंजनाकडे बघून त्याने विचारलं, "काय म्हणतोय हा?"

घरी आल्यावर त्याने फाईल पत्र्याच्या पेटीवर आपटली. "नाही काढायची. मी काय मोटारसायकल आहे, एक पार्ट काढला तरी चालायला? ओलं कापड ओढायचं काम माझं. किडनी काढली की माणूस अर्धा होतो. मग खुर्चीत बसवतात आणि जाता-येता 'बिचारा' म्हणतात. त्यापेक्षा गावी जातो. तिथं एकजण पुडी देतो."

हे सगळं तोंडाने. आतून छगन घाबरला होता, अगदी गर्भगळीत झाला होता. पण खात्यात ज्याने कधी कुणाचं ऐकून घेतलं नाही, तो 'मला भीती वाटते' हे वाक्य कुठून आणणार? म्हणून भांडत होता. डॉक्टरशी, बायकोशी, भेटायला सफरचंदं घेऊन येणाऱ्या पाहुण्यांशी. पाहुणे दारातच डोळ्यांना पदर लावायचे आणि याचं डोकं आणखी तापायचं.

रंजना गुपचूप दवाखान्यातल्या सिस्टरकडे गेली. सिस्टरने तिला एक नंबर दिला. ऑपरेशनला नाही म्हणणारा मराठी माणूस आला की ती हाच नंबर द्यायची. तो भिवाचा. भिवा ना डॉक्टर, ना कुठल्या संस्थेचा. तीन वर्षांपूर्वी त्याची उजवी किडनी काढली होती, एवढीच त्याची लायकी.

रविवारी दुपारी तो सुरतेबाहेरच्या सचिन गावाहून सायकलवर आला. साठीचा, काळा, काटक माणूस. दारात "जय भीम" म्हणाला. छगनने "राम राम" केला, पण खाटेवरून उठला नाही. भिवाही बसला नाही. उभ्या उभ्या त्याने सदरा वर केला. बरगडीखालून पार पोटापर्यंत गेलेला व्रण समोर आला.

"बघ. हात लावून बघ."

"मला नाही बघायचं."

"मग नको बघू. मी दाखवायला दहा किलोमीटर आलोय, थोडा वेळ असाच उभा राहतो."

खोलीत रंजना, तिच्या हातात पाहुण्यासाठी भरलेला तांब्या, आणि हा पोट उघडं टाकून उभा. शेवटी छगनने बोट लावलं. व्रण कडक होता, शिवण उसवून पुन्हा घातल्यासारखा. खाली पोट मात्र गरम होतं.

"तुम्ही कशात होता?" छगनने विचारलं.

"डाईंगमध्येच. सचिनला."

"मग तुम्हालाही वाटलं असेल, रंगच आहे."

"सहा महिने वाटलं," भिवा म्हणाला. "आणि ऐक, सहा महिने मी नेव्ही ब्लूवर होतो. निळ्यातून लाल कसं निघेल, एवढं डोक्यात आलं नाही गाढवाच्या!"

छगनला हसू फुटलं. पोट धरून हसला. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता कधी रडायला लागला ते त्याचं त्यालाही कळलं नाही. भिवाने सदरा खाली घेतला आणि शेजारी बसला.

"दुखतं का?" छगनने नाक पुसत विचारलं.

"दुखतं ना. पहिल्या दिवशी आई आठवते. दुसऱ्या दिवशी मला शिव्या देशील, तिसऱ्या दिवशी डॉक्टरला. चौथ्या दिवशी भूक लागते."

"मरतात का?"

भिवाने आवाज जरासुद्धा बदलला नाही. "मरतात. किडनी काढलेले आम्ही आठजण होतो, आता सात आहोत. बाबुराव गेला. दोन वर्षं तोही लॉटवरच ढकलत बसला होता, आला तेव्हा फुप्फुसात पोचलं होतं. तुझं अजून आतल्या आत आहे, म्हणून तर आलो. तुला खोटं सांगायचं असतं तर फोनवर सांगितलं असतं."

एवढं खरं छगनशी कुणीच बोललं नव्हतं. त्याने पेटीवरची फाईल उचलून मांडीवर घेतली. मग म्हणाला, "गुरुवारी कितीला जायचं?"

मधले तीन दिवस भिवाने त्याला शाळेतल्या पोरासारखं राबवलं. खोकताना उशी पोटाशी घट्ट धरायची. उठताना सरळ उठायचं नाही, कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, मग कोपरावर जोर. श्वास खोल घ्यायचा आणि मनात पाचापर्यंत मोजायचं. रंजनालाही शिकवलं; ती नवऱ्यापेक्षा लवकर शिकली. रडणारे पाहुणे आले की भिवा दारात जाऊन सांगायचा, "सफरचंदं आत द्या, रडणं बाहेर ठेवा." पाहुण्यांना राग यायचा. येऊ दे.

गुरुवारी सकाळी छगनला स्ट्रेचरवर घेतलं. ऑपरेशनच्या दारापर्यंत भिवा सोबत चालला. "भिवाभाऊ, मला भीती वाटतेय," छगन म्हणाला. आलं एकदाचं तोंडातून!

"वाटू दे. भीतीला पण आत घेऊन जा. मी इथंच आहे. डोळे उघडशील तेव्हा माझंच थोबाड दिसेल."

आणि तसंच झालं. संध्याकाळी सिस्टरने भिवाला पाच मिनिटं आत सोडलं. छगनने डोळे उघडले, तेच काळं काटक थोबाड समोर होतं. "आई," छगन म्हणाला.

"बरोबर," भिवा म्हणाला. "आज पहिला दिवस."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी उभं राहायला सांगितलं तेव्हा भिवाने उशी पुढे केली. छगनने त्याला ज्या शिव्या दिल्या त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत. पण शिव्या देत देत तो कुशीवर वळला, पाय खाली सोडले, कोपरावर जोर दिला आणि उभा राहिला. तिसऱ्या दिवशी वारा सरला, आतडी चालू झाली. रंजना वॉर्डभर सांगत सुटली आणि शेजारच्या खाटेवरच्या गुजराती आजोबांनी टाळ्या वाजवल्या. चौथ्या दिवशी छगनने भाकरी मागितली. पंधरा दिवसांनी रिपोर्ट आला: गाठ कॅन्सरचीच होती, पण पूर्ण निघाली होती. आता दर सहा महिन्यांनी स्कॅन. व्रण पार भरेपर्यंत वजन उचलायचं नाही.

तीन महिन्यांनी तो डाईंगमध्ये परतला. मॅनेजरने त्याला मशीनवर घेतलं नाही. दाराजवळ खुर्ची टाकून दिली आणि लॉटचं रजिस्टर हातात दिलं. जिला तो सगळ्यात जास्त घाबरत होता, तीच खुर्ची. पहिल्या दिवशी दोघं-तिघं "बिचारा" म्हणून गेलेही. छगनने दात आवळले आणि बसला.

पण त्या खुर्चीच्या मागेच संडास होता. दुसऱ्याच आठवड्यात त्याच्या कानावर पडलं. एकजण बाहेर आला, दुसऱ्याला म्हणाला, "आज कुठला शेड?"

"मरून."

"मग ठीक."

छगनच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याचेच शब्द! तो ताडकन उठला, दुखलं, तरी उठला. रंग कालवायच्या खोलीत, कलर किचनमध्ये जाऊन वाटीभर पक्का लाल कालवून घेतला आणि संडासाच्या पांढऱ्या भिंतीवर ब्रशने हातभर अक्षरांत लिहिलं: 'लाल लघवी म्हणजे रंग नाही. रक्त असू शकतं. दुखत नसलं तरी दवाखान्यात जा. आधी छगनला भेटा.' खाली तेच हिंदीत.

मॅनेजरने दुसऱ्या दिवशी चुना मारला. दोन दिवसांत अक्षरं चुन्यातून वर आली. त्याने ऑइलपेंट मारला. आठवड्याने त्यातूनही गुलाबी होऊन डोकावली.

"लेबर घाबरून भागेल, कळतं का तुला?" मॅनेजर ओरडला. "काम पर आना है कि नहीं?"

"येणार," छगन म्हणाला. "किडनी काढली तरी आलो, तुम्ही ओरडल्यावर नाही येणार? आणि भिंत पुसायच्या नादाला लागू नका, साहेब. सव्वीस वर्षं मी पक्का रंग केलाय. पोट कापलं म्हणून हात कच्चा नाही झाला."

मॅनेजर बडबडत गेला. भिंत तशीच राहिली. रजिस्टर छगनकडेच असल्यामुळे पांढरा लॉट कधी लागणार ते त्याला सगळ्यांच्या आधी कळायचं. त्या दिवशी तो खुर्ची फिरवून संडासाच्या दाराकडे तोंड करून बसायचा आणि प्रत्येकाला सांगायचा, "आज पांढरा आहे रे. मान खाली घालून नीट बघून ये!" पोरं त्याला मूतमास्तर म्हणायला लागली. म्हणोत. 'बिचारा' म्हणायचं मात्र बंद झालं.

एप्रिलमध्ये असाच पांढरा लॉट लागला होता. मशीन दोनदा धुतलेली, खातं सगळं स्वच्छ. योगेंद्र आत गेला आणि लवकर बाहेर येईना. आला तेव्हा त्याने नळाखाली हात धुतले, परत धुतले. छगनकडे न बघता त्याने विचारलं, "छगनभाऊ, आज कुठला शेड?"

हे पोरगं ऑपरेशनच्या आधी छगनच्या शेजारच्या मशीनवर होतं. "तुला माहीत आहे," तो म्हणाला.

"कालचा मरून असेल. अंगात राहिलेला. नाही का?" योगेंद्रने परत नळ सोडला. "भाऊ, म्हणा ना, मग ठीक."

ते दोन शब्द म्हणणं किती सोपं होतं! छगनने रजिस्टर मिटलं. कुशीवर वळायची आता गरज नव्हती, तरी सवयीने कोपरावर जोर देऊन तो उठला, योगेंद्रसमोर उभा राहिला आणि सदरा वर केला.

"नाही म्हणणार. हात लावून बघ."

योगेंद्रने बोट लावलं आणि त्याचा बांध फुटला. छगनने त्याला रडू दिलं. "गाठच असेल असं नाही. मुतखडाही असेल. पण बघायचं आजच. आणि काढायची वेळ आलीच, तर मी दाराबाहेर आहे. डोळे उघडशील तेव्हा माझंच थोबाड दिसेल."

दोघं दाराकडे निघाले. मॅनेजर आडवा आला. "पाळी अर्धी आहे अजून! कुठे चाललात?"

"दवाखान्यात," छगनने रजिस्टर त्याच्या हातात ठेवलं. "मांडा गैरहजेरी. दोघांची."