यशस्वी गुडघा

कामोठे गावातल्या जिजाबाईंच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन अतिशय यशस्वी झालं. असं डॉक्टर म्हणाले, मुलगा हरेश म्हणाला, डिस्चार्जच्या कागदावरही तसंच लिहिलं होतं. विरोधात फक्त गुडघा होता. सात महिने झाले तरी तो दुखायचा थांबला नव्हता.

ऑपरेशनच्या आधी इंजेक्शनं झाली होती. पहिल्याने पंधरा दिवस आराम पडला, दुसऱ्याने घरी पोचेपर्यंत. मग गुडघा बदलला. आता दुखणं सांगायला गेलं की डॉक्टर एक्स-रे उजेडाकडे धरत आणि सांधा किती सुंदर बसलाय ते दाखवत. जिजाबाई बघत. फोटो खरंच छान आला होता. दुखणं फोटोत दिसत नसल्यामुळे ते मनाचं असणार, असा निष्कर्ष निघाला आणि आणखी एक इंजेक्शन मिळालं. मनाचं दुखणं, पण सुई गुडघ्यालाच.

घरीही उपचारांना तोटा नव्हता. नवरा अनंता खुर्चीत बसून, चालत राहा, असा सल्ला देई. शिरढोणहून नणंद भामा खास तेल घेऊन आली, विश्रांती घे म्हणाली आणि तीनदा चहा प्यायली. तिन्ही वेळा जिजाबाईच उठल्या.

अशात हॉस्पिटलने पनवेलला एका हॉलमध्ये वेदनामुक्त रुग्णांचा मेळावा ठेवला. दहा जणांनी स्टेजवर चालून दाखवायचं होतं. हरेशने आईला न विचारताच नाव दिलं. डॉक्टरांना नाही कसं म्हणायचं, हा त्याचा प्रश्न. जिजाबाई सकाळी वेदनाशामक गोळी घेऊन वेदनामुक्त व्हायला निघाल्या.

त्या चालल्या, टाळ्याही पडल्या. निवेदिकेने माइक पुढे करून विचारलं, आता कसं वाटतंय?

जिजाबाईंनी समोर बसलेल्या डॉक्टरांकडे पाहिलं. खोटं बोलायचं त्यांच्या मनात होतं, पण पाय इतका ठणकत होता की खोटं सुचेना.

"ऑपरेशन चांगलं झालंय," त्या म्हणाल्या. "पन गुडगा दुकतो. मी सांगतं तवा मना फोटू दाखवतात."

मग तिसऱ्या रांगेतली एक बाई हळूच म्हणाली, "माझाही दुखतो." मागून आणखी दोन हात वर झाले. निवेदिकेने ताबडतोब अल्पोपाहार जाहीर केला.

हरेश शरमेने गाडी आणायला गेला तो बराच वेळ आलाच नाही. जिजाबाई समोशाची बशी घेऊन एकट्या बसल्या होत्या. तेवढ्यात हॉस्पिटलमधली मनस्वी नावाची फिजिओथेरपिस्ट आली आणि त्यांच्यापुढे जमिनीवरच बसली. जिना चढताना दुखतं की उतरताना? उठताना भार कुठल्या पायावर देता? सात महिन्यांत हे कोणी विचारलंच नव्हतं. तिने दोन्ही मांड्या टेपने मोजल्या. उजवी चांगलीच बारीक झाली होती. व्यायाम कधी सोडला, असं विचारल्यावर जिजाबाई म्हणाल्या, तिसऱ्या आठवड्यात. दुखतं म्हणून भामाने बंद करायला लावला होता.

मनस्वीने डॉक्टरांच्या मागे लागून आधी रक्त आणि सांधा तपासून घेतला. जंतुसंसर्ग नव्हता, सांधाही सैल नव्हता. मग तिने स्पष्ट सांगितलं, "काकी, सगळं दुखणं जाईल असं मी म्हणणार नाही. पाय मजबूत झाला तर कमी होईल."

जिजाबाईंना हायसं वाटलं. पूर्ण बरं करण्याची हमी न देणारं त्यांना हे पहिलंच माणूस भेटलं होतं.

रोज दोनदा गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून त्या गुडघा तिच्यावर दाबू लागल्या. तेवढा वेळ भात लावायचं अनंताकडे आलं. पहिल्या आठवड्यात तो त्यांच्यापेक्षा जास्त कण्हला.

चार महिन्यांनी निम्मं दुखणं गेलं. उरलेलं आजही आहे, जिना उतरताना हमखास. आता जिजाबाई काठी घेऊन एकट्या मासळी बाजारात जातात. मधे पाय भरून आला की सोनाबाई कोळणीच्या शेजारी स्टुलावर बसतात, ताज्या बोंबलांवरून तिच्याशी वाद घालतात आणि पायाने परवानगी दिली की उठतात.