परक्या डबीतलं मशीन

सुनेबद्दल घड्याळजींच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती एका साध्या वाक्यावरून. सकाळी ते तोंड पुसत न्हाणीघरातून बाहेर येत होते आणि स्वयंपाकघरात सून त्यांच्या मुलाला म्हणत होती, "दुकान बदलायला हवं. बाबांना इतक्यात काही बोलू नकोस." मुलगा त्यावर काय म्हणाला ते ऐकू आलं नाही, कारण मुलगा पुटपुटत बोलतो. घड्याळजींच्या मते हल्ली सगळं जगच पुटपुटत बोलायला लागलं होतं. त्यांच्या कानांना काही झालेलं नव्हतं. कानांची दोन मशीनं त्यांच्याकडे होती, पण ती मुलाच्या हट्टापायी घेतलेली.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खिडकीपाशी घड्याळजींचं टेबल, त्यावर दिवा, चिमटे, स्क्रू ठेवायच्या वाट्या. दाराशी काउंटर, आणि काउंटरमागे त्यांची बायको. आलेलं घड्याळ घ्यायचं, चिठ्ठी लावायची, तयार झालेलं परत द्यायचं, हे सगळं तिच्याकडे. घड्याळजी डोळ्याला भिंग लावून बसले की मान वर करत नसत. एकेचाळीस वर्षं असं चाललं होतं, आणि आता कालची आलेली पोरगी म्हणे दुकान बदलणार.

कालची म्हणजे लग्नाला सहा वर्षं झाली होती. पण संशयाला पंचांग लागत नाही.

तोंडावर विचारावं तर दोघंही साळसूदपणे 'नाही हो बाबा' म्हणतील आणि सावध होतील. म्हणून घड्याळजींनी ठरवलं, बोलायचं नाही, नुसतं डोळ्यांत तेल घालून बघायचं. आणि मग त्यांना जिकडे तिकडे पुरावे दिसायला लागले. सून दुकानाच्या दारात उभी राहून फोनवर बोलते. मुलगा दोन वर्षांपूर्वी एकदा 'आता आराम करा' म्हणाला होता, ते वाक्य त्यांनी मनातल्या मनात पुन्हा झटकून पुसून समोर ठेवलं. बायकोला यातलं काही सांगावं असं त्यांना फार वाटलं, पण ती भोळी, लगेच सुनेला जाऊन विचारील. तिला त्यांनी यातून बाहेरच ठेवलं.

महिन्याभरानं एका सुट्टीच्या दिवशी दुपारी सून स्वतःच दुकानात आली. काखेत लॅपटॉप, हातात एक राखाडी पेटी आणि वायरींचं भेंडोळं.

"बाबा, तुमची कानांची मशीनं द्या. सेटिंग करून देते."

"सेटिंग त्या कानवाल्यानं केलंय की."

"त्यांनी दवाखाना बंद केला. ही मशीनं जुनी, दुसरं कुणी हात लावायला तयार नाही. मी त्यांच्या घरी जाऊन प्रोग्राम आणि ही पेटी मागून आणलीय."

घरी जाऊन. मला न विचारता. घड्याळजींनी हेही नोंदवून ठेवलं आणि खणातून मशीनांची डबी काढून पुढे केली. नाही म्हणावं तर हिला समजेल की आपल्याला समजलंय. त्यापेक्षा शेजारी बसून बघावं, ही पोरगी नेमकं करते काय.

सुनेनं लॅपटॉप त्यांच्या टेबलाच्या कडेला उघडला. काळ्या खिडकीत पांढऱ्या ओळी भराभर खाली सरकायला लागल्या. घड्याळजींनी भिंग डोळ्याला लावलं आणि पडद्याजवळ गेले. अक्षरं मोठी झाली, अर्थ होता तेवढाच राहिला.

"हे काय चाललंय?"

"बाबा, हा प्रोग्राम माझ्या कॉम्प्युटरसाठी केलेलाच नाही. याची ऑपरेटिंग सिस्टीम वेगळी, माझी वेगळी. त्या सिस्टीमचे नवे कॉम्प्युटरसुद्धा आता याला ओळखत नाहीत, इतका जुना आहे तो. म्हणून मी मध्ये एक सॉफ्टवेअर बसवतेय. प्रोग्रामला वाटेल की आपण आपल्याच घरी आहोत."

आता हे घड्याळजींच्या धंद्यातलं होतं. एका कंपनीची डबी, आत भलत्याच कंपनीचं मशीन, मध्ये पत्र्याची रिंग घालून घट्ट केलेलं, अशी घड्याळं त्यांनी शेकड्यांनी पाहिली होती. गिऱ्हाईक कौतुकानं घेऊन यायचं आणि घड्याळजी मागचं झाकण उघडून त्याला दाखवायचे की बाबा रे, तुला टोपी घातली.

"म्हणजे फसवाफसवी," ते म्हणाले.

"कुणाची फसवाफसवी? प्रोग्राम त्याच्या भाषेत काहीतरी मागतो. मधला ते ऐकतो आणि माझ्या कॉम्प्युटरला कळेल असं सांगतो. उत्तर आलं की पुन्हा त्याच्या भाषेत."

"आणि मधला मनचं काही सांगत असला तर? या दोघांना कुठं कळणार आहे?"

सून हसली. "तुम्ही मला विचारताय की त्याला?"

घड्याळजींना हे हसणं आवडलं नाही. तेवढ्यात पडद्यावर एक ओळ येऊन थांबली, सुनेची बोटं कळांवर खडखड चालली, आणि पडद्यावर एकही अक्षर उमटलं नाही.

"काय लिहिलंस आत्ता?"

"पासवर्ड."

"दिसला नाही."

"तो दिसत नाही, बाबा. तसाच असतो."

बरं. लिहिलेलं दिसत नाही, बोललेलं ऐकू येत नाही. घड्याळजी खुर्ची आणखी पुढे ओढून बसले.

शेवटी प्रोग्राम उघडला. कुणाच्या तरी जुन्या ऑफिसातल्या कपाटासारखा होता, राखाडी, जाडजूड बटणांचा, अर्धी अक्षरं चौकटीबाहेर सांडलेली. सुनेनं पेटी जोडली, मशीनं पेटीला जोडली. पडद्यावर लाल खूण आली.

"काय म्हणतोय?"

"पेटी सापडत नाही म्हणतोय."

"समोर तर आहे."

"आपल्याला दिसतेय. त्याला त्याच्या नावानं दाखवायला लागेल." तिनं पुन्हा काळी खिडकी उघडली, काहीतरी लिहिलं, चुकलं, पुन्हा लिहिलं. वायर काढली, घातली. अर्धा तास गेला. कपाळावरचा घाम पुसत ती पुटपुटली तेव्हा घड्याळजींना मनातून थोडं बरंच वाटलं. पण तिनं सोडलं नाही. आपण स्वतः एखादा अडलेला स्क्रू असाच धरून बसतो, हे त्यांच्या लक्षात आलं, आणि तो विचार त्यांनी घाईघाईनं बाजूला सारला.

पाचव्या प्रयत्नाला खूण हिरवी झाली. पडद्यावर दोन आलेख आले, त्यांच्याखाली एक ओळ. घड्याळजींनी भिंगातून ती वाचली. रोजचा सरासरी वापर, बावीस मिनिटं.

सुनेनंही ती वाचली.

"हा खोटं बोलतोय," घड्याळजी म्हणाले. "परक्या घरात बसवलाय ना त्याला."

"हे प्रोग्राम सांगत नाही, बाबा. तुमच्या मशीनांनीच लिहून ठेवलंय. सकाळी आम्ही ऑफिसला निघेपर्यंत आणि संध्याकाळी आलो की चहा होईपर्यंत. दोन्ही मिळून बावीस होतात." ती रागावलेली वाटत नव्हती. तेच जास्त लागलं.

चोरी पकडली गेली की माणूस उलटा अंगावर जातो. घड्याळजी गेले.

"आणि तुमचं काय? माझ्या पाठीमागं दुकान बदलायला निघालात ते? मला सगळं कळतं. बाबांना बोलू नकोस म्हणालीस ना नवऱ्याला? एकेचाळीस वर्षं बसलोय मी इथे. ही खोली माझ्या हातून काढून घ्यायची असेल तर समोर येऊन सांगा. मी घड्याळ उघडलं नाही ना, तर चार दिवसांत मरीन, एवढं लक्षात ठेवा."

शेवटचं वाक्य त्यांना बोलायचं नव्हतं, ते निघून गेलं. आवाजही फाटला.

सून त्यांच्याकडे बघतच राहिली. "दुकान? दुकानाचं कोण काय बोललं?" आणि मग तिला उमगलं. ती त्यांच्यासमोर येऊन बसली आणि ओठ नीट हलवत सावकाश म्हणाली, "दोन. कान. बाबा, मी म्हणाले दोन कान बदलायला हवेत. तुमचा तपासणीचा कागद मी पाहिला. उजव्या कानाचे आकडे डाव्या मशीनमध्ये गेलेत आणि डाव्याचे उजव्यात. म्हणून तर तुम्हाला घातलं की नुसता कालवा ऐकू येतो आणि तुम्ही काढून ठेवता. सांगू नकोस म्हणाले, कारण हा प्रोग्राम चालेल की नाही तेच माहीत नव्हतं. उगाच तुम्हाला आशेवर कशाला ठेवायचं?"

दुकान. दोन कान. घड्याळजींनी दोन्ही शब्द मनात घोळवून पाहिले आणि त्यांचे गाल कानशिलांपर्यंत तापले. महिनाभर या पोरीला त्यांनी चोर ठरवलं होतं.

"मग बदल की," ते एवढंच म्हणाले. "बसलीयेस काय अशी."

सुनेनं इकडचे आकडे तिकडे केले आणि मशीनं त्यांच्या कानांवर चढवली. आधी फ्रिजची घरघर आली. मग रस्त्यावरून कुणीतरी चाक खडखडत काहीतरी ढकलत नेलं. मग भिंत. भिंतीवरची सात घड्याळं, प्रत्येक आपापल्या ठोक्यानं, एकही पुटपुटत नव्हतं. घड्याळजींनी मान खाली घातली, कारण डोळे भरून आले होते आणि सुनेसमोर ते बरं दिसलं नसतं. ती बिचारी वायरी गुंडाळायला लागली.

त्यांनी सवयीनं सकाळीच पुरं केलेलं घड्याळ उचललं. चावीचं, बायकी, नाजूक. डब्याचं पत्र्याचं झाकण उपडं करून त्यावर ते ठेवलं, म्हणजे आवाज मोठा येतो, आणि कान जवळ नेला.

टिक-टिक, टिक-टिक. दोन ठोके जवळ, मग लांब जागा, पुन्हा दोन जवळ. लंगडत होतं.

ठोक्यांमधलं अंतर सारखं आहे की नाही ते डोळ्यांना दिसत नाही, ते कानानंच लावायचं असतं. दोन वर्षांपूर्वी ऐकू येईनासं झाल्यापासून घड्याळजी ते अंदाजानं लावत होते. हाताला सवय आहे, चुकायचं नाही, असं त्यांनी स्वतःला सांगितलं होतं. त्यांनी तयार घड्याळांचा ट्रे ओढला. चावीची तीन होती. पहिलं लंगडत होतं. दुसरं लंगडत होतं. तिसरं तर मध्येच अडखळत होतं, दोन दिवसांत बंद पडलं असतं.

अशी किती गेली असतील? आणि गेली तर परत कशी नाही आली? दोन वर्षांत एकाही गिऱ्हाइकानं काउंटरवर येऊन आवाज चढवला नाही, हे कसं?

दुपारची झोप आटपून बायको नुकतीच काउंटरपाशी आली होती आणि फोनवर बोलत होती. पाठ यांच्याकडे, आवाज नेहमीचा. तो खाली करायची गरज तिला दोन वर्षांत पडलीच नव्हती.

"चिमट्या, तीन आहेत रे चावीची. उद्या आणते. नेहमीसारखी बघून दे, गिऱ्हाईक परवा यायचंय." चिमट्या म्हणजे घड्याळजींच्याच हाताखाली नऊ वर्षं शिकलेला. सारखे चिमटे हरवायचा म्हणून हे नाव घड्याळजींनीच ठेवलेलं, आणि आता दोन गल्ल्या पलीकडे त्याचं स्वतःचं दुकान होतं. "नाही रे, त्यांना काही माहीत नाही. आणि कळूही द्यायचं नाही. कळलं तर उठतील त्या खुर्चीवरून, पुन्हा बसायचे नाहीत."

सुनेचे वायर गुंडाळणारे हात थांबले. तिनं घड्याळजींकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली केली. म्हणजे हिलाही माहीत होतं. म्हणूनच ती त्या कानवाल्याच्या घरापर्यंत गेली होती.

घरात काहीतरी लपवलं जातंय, हा घड्याळजींचा संशय अगदी बरोबर होता. फक्त ज्या एका माणसावर तो घ्यावा असं त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं, ते माणूस चार हातांवर पाठमोरं उभं होतं. दोन वर्षं त्यांची मोडकी कामं पदराआड घालून दोन गल्ल्या चालत जात होतं आणि घरी येऊन चहा ठेवत होतं. घड्याळजींना लाज वाटली, संताप आला, आणि त्या पाठमोऱ्या बाईबद्दल इतकी माया दाटून आली की त्यांना तिघांतलं काय आवरावं ते कळेना. हात कानाकडे गेला. ही मशीनं काढून डबीत टाकली असती, तर संध्याकाळपर्यंत सगळं जसंच्या तसं झालं असतं. सूनही बोलली नसती.

हात त्यांनी खाली घेतला.

"चार सांग त्याला," ते म्हणाले.

बायको वळली. फोन कानालाच होता.

"हे बायकी घड्याळ पण लंगडतंय," घड्याळजींनी ते ट्रेमध्ये बाकीच्या तिघांशेजारी ठेवलं. "आणि उद्या तू नको जाऊस. मी जातो घेऊन. शेजारी बसून बघतो तो कसं लावतो ते."

"अहो..." बायकोनं फोन छातीशी धरला आणि पदराचं टोक डोळ्यांना लावलं. तिच्या मुठीतून चिमट्या 'काकू, काकू, काय झालं' करत होता, आणि तेही घड्याळजींना खुर्चीवरून स्पष्ट ऐकू येत होतं.