शेपटाचा पिवळा दिवा

मोटरसायकलवाल्यांच्या क्लबात त्याला सगळे शेपूट म्हणत. खरं नाव विजेच्या बिलावर होतं आणि ते तिथेच बरं होतं. धंदा गाड्यांच्या सीटा शिवण्याचा. क्लबातल्या निम्म्याअधिक मंडळींची बैठक त्याच्याच हातची, त्यामुळे तो म्हणे, "तुम्हा सगळ्यांचा भार मीच उचललाय." हा विनोद इतका जुना झाला होता की तो तोंड उघडायच्या आधीच लोक हसून मोकळे होत.

शेपूट हे नाव मात्र चेष्टेचं नव्हतं, हुद्द्याचं होतं. क्लब कुठेही निघाला की सगळ्यात पुढे बेकरीवाला आणि सगळ्यात मागे हा. कुणाची गाडी बंद पडो, कुणाला आडोसा शोधायचा असो, कुणाचा हातमोजा उडो, शेपूट थांबायचा. शेवटचा गडी रस्त्याला लागला की तो हँडलखालचा मोठा पिवळा दिवा लावी. बेकरीवाल्याला आरशात लांबवर पिवळं दिसलं की तो समजे, सगळे आले, आणि गाडी ताणे. हाका नाहीत, शिट्ट्या नाहीत, मोजदाद नाही. बाकी सगळ्यांचे दिवे पांढरे, त्यामुळे आजवर घोटाळा म्हणून झाला नव्हता.

दिवा लावण्याआधी मागे वळून बघायचं काम मागच्या सीटवरच्या त्याच्या बायकोचं. तो विचारी, "मागे कोणी नाही ना गं?" दोरीवर एखादा कपडा राहिलाय का ते बघावं तशी ती सावकाश मान वळवून बघे आणि म्हणे, "कोणी नाही, चल."

गेल्या हिवाळ्यात ती गेली. त्यानंतरची क्लबाची ही पहिलीच सहल, मोटरसायकलींचं प्रदर्शन आणि दुपारून शर्यत. मागची सीट मोकळी दिसू नये म्हणून त्याने तिच्यावर रेनकोटाची वळकटी बांधली होती. पण वळकटीने काय होणार? तासाभराच्या रस्त्यात त्याला एकच गोष्ट कळली. पाठीला इतका वारा लागतो हे त्याला इतकी वर्षं ठाऊकच नव्हतं. पुढे सगळ्यांच्या पाठी, मागे मोकळा रस्ता, आणि त्या रस्त्याकडे बघायचं त्याला धाडस होईना.

मैदानावर क्लबाचे लोक जत्रेतल्या पोरांसारखे पांगले. चकचकीत टाक्यांपुढे उभं राहून जो तो स्वतःचंच तोंड बघत होता. क्लबातल्या मास्तरीणबाई, ज्यांची गाडी क्लबात सगळ्यात दांडगी होती, एका विक्रेत्याची अशी उलटतपासणी घेत होत्या की तो बिचारा वर्गाबाहेर उभं केल्यासारखा दिसत होता. शेपूट नव्या गाड्यांच्या मागच्या सीटा बघत हिंडला. सगळ्या एवढ्याएवढ्याशा. यांच्यावर माणूस बसवतात की डबा ठेवतात, असं त्याला कुणाला तरी म्हणायचं होतं. शेजारी कोणी नव्हतं.

जेवताना त्याने हिय्या केला. सकाळपासून शब्द जुळवत होता. बेकरीवाल्याच्या बाजूला सरकून म्हणाला, "परतताना मी मधे चालवू का? आजच्या दिवस. मागे एकट्याला बरं वाटत नाही."

बेकरीवाला मनाने लोण्याचा, पण त्याच्या पोटात गोष्ट आणि ओठात हसू थांबत नसे. तो सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला, "ऐका! शेपटाला मधे यायचंय! अरे बाबा, शेपूट मधे असलेला प्राणी कुणी बघितलाय का?"

सगळे हसले. शेपूटही हसला, कारण न हसता बसलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं. मास्तरीणबाईंनी एकदा त्याच्याकडे नीट बघितलं, पण तेवढ्यात कुणीतरी लोणचं मागितलं आणि ते तिथेच राहिलं.

नंतर बेकरीवाल्यालाच खुटखुटलं असावं. एका दुकानात त्याने तसलेच पिवळे दिवे बघितले आणि सगळ्यांना घ्यायला लावले. दुकानदाराने लगोलग बसवूनही दिले. "शेपटाचा मान म्हणून!" असं म्हणत बेकरीवाल्याने शेपटाच्या पाठीवर थाप मारली. शेपटाचे डोळे भरून आले, हे खोटं नाही. 'अरे, मग आता आरशात माझा कसा ओळखशील?' हे त्याच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण दुपारी एकदा तोंड उघडून हसं झालं होतं. त्याने शब्द गिळला.

शर्यतीत कोण जिंकलं ते त्याला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. तो शेवटच्याकडे बघत होता. निळ्या गाडीवरचा तो गडी इतका मागे पडला होता की तो पोचेतो लोक उठून बक्षीस समारंभाकडे निघाले होते. शेपूट कठड्याशी उभा राहिला आणि तो रेष ओलांडेपर्यंत थांबून एकट्याने टाळ्या वाजवल्या. सवयच तशी, शेवटचा आल्याशिवाय पाय निघत नसे.

तो गाडीपाशी पोचला तेव्हा क्लब निघायच्या बेतात होता. त्याने क्लच दाबला आणि वायर तुटून हातात आली. मान वर केली तर मैदानाला वळसा घालत, हौसेने लावलेल्या नव्या पिवळ्या दिव्यांची माळच माळ निघाली होती. बेकरीवाल्याने आरशात बघितलं, पिवळं दिसलं, आणि गाडी ताणली. वळणापाशी थांबतील, असं त्याला वाटलं. वळणावर शेवटचा पिवळा ठिपका दिसला आणि गेला.

निळ्या गाडीवाला आपली गाडी टेम्पोत चढवत होता. त्याने टाळ्या वाजवणाऱ्याला ओळखलं. सामान आवरून झाल्यावर त्याने जुनी वायर शोधून काढली आणि दोघांनी खटपट करून ती बसवली. होईतो दिवस मावळला.

"तुमच्याबरोबर कोणी नाही?" त्याने हात पुसत विचारलं.

"आहेत की," शेपूट म्हणाला. "पुढे आहेत."

टेम्पो गेला. खिशातला फोन मघापासून थरथरत होता. घरी पोचलं की ज्याने त्याने क्लबाच्या गटावर 'पोचलो' लिहायचं आणि शेपटाने सगळ्यात शेवटी, म्हणजे दिवस मिटला, असा रिवाज होता. एकेकाचं 'पोचलो' आलं होतं. खाली मास्तरीणबाईंनी विचारलं होतं, "शेपूट?" त्याखाली बेकरीवाला, "होता की मागे. गावापर्यंत आरशात पिवळं दिसत होतं."

त्याने लिहिलं, "मी अजून मैदानावरच आहे." अंगठा तसाच थांबला. हे पाठवलं असतं तर बेकरीवाला आहे त्या कपड्यांत उलटा आला असता, मास्तरीणबाई त्याच्याही आधी आल्या असत्या. माणसं वाईट नव्हती. पण सांगितल्यावर कोणीही येतं. न सांगता कुणाला तरी चुकल्याचुकल्यासारखं व्हावं, एवढंच त्याला हवं होतं, आणि ते मागून मिळत नाही. त्याने ओळ पुसली आणि लिहिलं, "पोचलो."

लगेच अंगठे आले. बेकरीवाल्याने लिहिलं, "चला, दिवस संपला!"

शेपटाने फोन ठेवला, गाडी चालू केली, आणि सवयीने मान अर्धी वळवून विचारलं, "मागे कोणी नाही ना गं?"

ती बघायला जेवढा वेळ घ्यायची तेवढा वेळ तो थांबला. मग दिवा लावून निघाला.