आयव्हरला न ऐकू आलेली टिकटिक

मित्रांनो, मी एक जुना बॉयलर आहे. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या ग्रेट यारमथ गावातल्या एका बैठ्या घरात, स्वयंपाकघराच्या भिंतीवर मी कित्येक हिवाळे काढले. गॅसवर पाणी तापवायचं आणि नळ्यांतून खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरांत पाठवून घर उबदार ठेवायचं, एवढंच माझं काम. माझ्या हातून असं काही होईल हे कधी मनातही आलं नव्हतं. अजूनही आठवलं की माझा पत्रा थरथरतो.

कारखान्यातून आलो तेव्हा मी पांढराशुभ्र होतो. घरधनीण डल्सी लार्टर माझ्यावर हात ठेवून म्हणायची, "तू आहेस म्हणून समुद्राचा वारा बाहेर राहतो बाबा." तिचा नवरा आयव्हर यानं मासेमारी बोटींवरची इंजिनं सांभाळण्यात उमर घालवली होती. आवाजावरून यंत्राचं दुखणं ओळखण्यात त्याचा हातखंडा. एकदा माझ्या नळ्यांत गुळगुळ सुरू झाली. हवा अडकल्याचं त्यानं लगेच ओळखलं आणि रेडिएटरची चावी फिरवून ती सोडून दिली. मला तो डॉक्टरच वाटला.

पुढे इथल्या जड पाण्यानं माझ्या पोटात क्षाराचे थर धरले. मी किटलीसारखा खदखदू लागलो.

"म्हातारा झालाय," आयव्हर म्हणाला. "माझे गुडघे वाजतात म्हणून मला बदललंस का?"

"मनात खूपदा आलं होतं," डल्सी म्हणाली. दोघं हसले, आणि त्या वर्षीची तपासणी राहून गेली. मग पुढच्या वर्षीचीही.

मग नवाच आवाज आला. माझ्या ठिणगीला गॅस पटकन पेटवता येईना. टिक, टिक, टिक आणि मग ढप्प!

"आयव्हर, ही खदखद नव्हे," डल्सी म्हणाली. "आधी किती वेळ टिकटिक होते, ऐक ना."

"कसली टिकटिक? नुसता ढप्प आवाज येतोय. पंप आहे तो."

"मेकॅनिकला बोलवू या."

"सगळं आयुष्य इंजिनात गेलं माझं. मला शिकवू नकोस."

ती भांड्यांकडे वळली. मला आवाज काढता येत होते, बोलता येत नव्हतं.

जानेवारीतल्या एका सकाळी मी पेटेचना. टेबलावर भाजलेले मासे निवत होते. आयव्हरनं बाजूला उभं राहून मला पुन्हा पेटवायचं लाल बटण दाबलं. पुन्हा दाबलं. पुन्हा दाबलं. दर वेळी न जळलेला गॅस माझ्या पोटात साचत होता. डल्सी माझ्या समोरच्या खुर्चीतून मिरपूड आणायला उठली, आणि ठिणगी लागली.

धाड!

माझं पुढचं झाकण टेबलावरून उडत गेलं आणि तिच्या रिकाम्या खुर्चीची पाठ मोडून खाली आदळलं. आयव्हरच्या भुवया करपल्या.

मित्रांनो, ज्या घराला ऊब दिली त्याच घरावर मी हात उचलला होता!

"मी तिथे बसले होते," डल्सी म्हणाली. "आयव्हर, मी तिथेच बसले होते." मिरपुडीची डबी तिच्या हातातच होती. आयव्हरनं गॅस बंद केला आणि तिला धरून बाहेर नेलं.

रोझलिंड नावाची मेकॅनिक तपासायला आली. "आधी काही आवाज येत होते?" तिनं विचारलं.

आयव्हरनं डल्सीकडे बोट दाखवलं. "हिला विचारा," तो म्हणाला. "मला ऐकू येत नाही."

इंजिनांच्या गडगडाटानं त्याच्या कानांतले बारीक आवाज केव्हाच नेले होते, आणि डल्सीची टिकटिक खरी होती हे उमगल्यावर, झाकण उडालं त्या सकाळीच त्याला स्वतःलाही ते कळलं होतं.

डल्सीनं सगळं सांगितलं. रोझलिंडनं मान हलवली. "बर्नर तुंबलाय, ठिणगीची सळई झिजलीये. टिकटिक लांबते आहे म्हणजे गॅस साचतो आहे. तेव्हाच बंद करायला हवा होता. आता हा पेटवायचा नाही."

मी सध्या मागच्या अंगणात भंगारगाडीची वाट पाहतो आहे. काल आयव्हर कानाला यंत्र लावून दारात आला आणि दचकलाच. "हे सीगल पक्षी रोज एवढे कोकलतात?"

"रोज," डल्सी म्हणाली. "आणि मीही."

तो हसला नाही. तिच्या शेजारी पायरीवर बसला आणि म्हणाला, "बोल."

मित्रांनो, आमचा आवाज बदलला की समजा, आम्ही हाक मारतो आहोत. वर्षातून एकदा आम्हाला जाणकाराला दाखवा. आणि घरातलं कुणी म्हणालं, 'मला काहीतरी वेगळं ऐकू येतंय,' तर आधी बटणावरचा हात काढा.